औंढ्याच्या लायगोवर ॲनिमेशन फिल्म करायची, तर खोटं किती दाखवायचं?

औंढा नागनाथ म्हटलं की आपल्याला आठवतं ज्योतिर्लिंग. दगडी देऊळ आणि संत नामदेवांची ती गोष्ट. देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून नामदेव मागच्या बाजूला जाऊन बसले आणि अख्खं देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी आख्यायिका आहे.

पण गेल्या काही वर्षांत हिंगोली जिल्ह्यातल्या या तालुक्याचं नाव आणखी एका कारणाने बातम्यांत येतंय.

लायगो-इंडिया.

२०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. मे महिन्यात पायाभरणी झाली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांब, आणि काम काय, तर अब्जावधी वर्षांपूर्वी कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तेव्हा निघालेली थरथर पकडायची.

आता एवढं वाचल्यावर आपण काय करतो? मोबाईल काढतो आणि व्हिडीओ शोधतो. समोर येतं ते ॲनिमेशन. काळ्या अंधारात दोन गोळे गरगर फिरतायत, त्यांच्याभोवती निळ्या जाळीवर लाटा उठतायत, मग लाल रंगाचा लेझर, मग आरसे, आणि शेवटी "टुप्" असा एक आवाज.

दिसायला एकदम भारी. पण त्यातलं खरं किती?

समजा उद्या कुणी तुम्हालाच सांगितलं की औंढ्याच्या शाळांमध्ये दाखवायला लायगोवर तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करून द्या. तर तुम्ही काय दाखवाल?

ऐकायला सोपं वाटतं, पण गंमत अशी आहे की या विषयावर शंभर टक्के खरी फिल्म केली तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. थोडं खोटं दाखवावंच लागतं. सगळा प्रश्न एवढाच, की कोणतं खोटं चालेल आणि कोणतं नाही.

मग सरळ कॅमेरा घेऊनच का जाऊ नये?

अमेरिकेत लायगोच्या दोन जागा आहेत. एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि दुसरी तिथून साधारण ३००० किलोमीटरवर, लुईझियाना राज्यात लिव्हिंग्स्टनला. तिथे जाऊन कॅमेरा लावला तर दिसतील काँक्रीटच्या आच्छादनाखालून जाणाऱ्या दोन लांबच लांब नळ्या. बस्स.

खरी गंमत नळीच्या आत आहे आणि तिथे कॅमेरामन जाऊ शकत नाही. सव्वा मीटरच्या आसपास व्यास असलेल्या या नळ्यांमध्ये जवळपास परिपूर्ण निर्वात आहे. लायगोच्या नळ्यांमधली हवा काढायलाच ४० दिवस लागले होते. आत हवेचा दाब बाहेरच्या एक लाख कोटीव्या भागाइतका.

थोडक्यात, जे बघायचं आहे ते बंद आहे, अतिसूक्ष्म आहे आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणारं आहे. म्हणून ॲनिमेशन हवं. इथे ते शोभेसाठी वापरलेलं नसतं, दुसरा मार्गच नसतो.

आधी यंत्र समजून घेऊ

फिल्म करणाऱ्याला यंत्र कळलं नाही तर फिल्म बघणाऱ्याला कळणं शक्यच नाही. म्हणून दोन मिनिटं इथे थांबू.

चौकात दोन जुळे भाऊ उभे आहेत असं समजा. एक उत्तरेकडच्या रस्त्याने पळत जातो, एक पूर्वेकडच्या. दोन्ही रस्ते अगदी सारख्या लांबीचे. दोघांचा वेग सारखा. टोकाला हात लावून दोघं परत फिरतात. मग चौकात कधी पोहोचतील? एकाच क्षणी.

पण मधल्या काळात एक रस्ता किंचित ताणला गेला आणि दुसरा किंचित आखडला तर एक जण उशिरा येईल.

लायगोत हे भाऊ म्हणजे प्रकाश. एकाच लेझरचा झोत मधल्या एका आरशावर दोन भागांत विभागतो. दोन्ही भाग आपापल्या भुजेत जातात, टोकाच्या आरशावर आपटून परत येतात. तेही एकदा नाही, प्रत्येक भुजेत साधारण ३०० वेळा प्रकाश ये-जा करतो. त्यामुळे ४ किलोमीटरची भुजा जणू १२०० किलोमीटरची होते.

परत आल्यावर दोन्ही झोत एकमेकांत मिसळतात. प्रकाश म्हणजे लाट. एका लाटेचा उंचवटा दुसऱ्या लाटेच्या खोलगट भागावर बसला की दोन्ही एकमेकींना संपवतात आणि अंधार होतो. लायगोची जुळणी अशीच ठेवलेली असते, की एरवी बाहेरच्या बाजूला जवळजवळ अंधार राहावा. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा ताणली जाते, दुसरी आखडते, लाटांचा मेळ बिघडतो आणि प्रकाशाची तिरीप बाहेर येते.

ती तिरीप म्हणजेच बातमी.

१४ सप्टेंबर २०१५ ला ही बातमी पहिल्यांदा आली. सूर्याच्या साधारण ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, आपल्यापासून सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर, एकमेकांत विलीन झाली होती. तयार झालेलं कृष्णविवर ६२ पट भरलं. उरलेलं तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेलं. ११ फेब्रुवारी २०१६ ला जगाला हे सांगण्यात आलं. त्यानंतर सहाच दिवसांनी भारत सरकारने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. आणि २०१७ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळालं.

यंत्र कळलं. आता फिल्मकडे येऊ. कागद-पेन्सिल घेतली की पहिल्याच चित्राला अडचण येते.

पहिली अडचण : लेझर कोणत्या रंगाचा?

बहुतेक व्हिडीओंमध्ये लायगोचा लेझर लाल नाहीतर हिरवा असतो. नळीतून सरळ जाणारी चकचकीत रेघ.

खरा लेझर १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त आहे. माणसाच्या डोळ्याला तो दिसतच नाही. आणि समजा दिसणारा असता, तरी बाजूने बघणाऱ्याला तो दिसला नसता.

कारण थिएटर आठवा. प्रोजेक्टरचा झोत आपल्याला दिसतो तो हवेतल्या धुळीमुळे. प्रकाश धुळीवर आपटून आपल्या डोळ्यात येतो. लायगोच्या नळीत धूळही नाही आणि हवाही नाही. मग प्रकाश बाजूला येणार कसा?

म्हणजे पहिल्याच चित्रात आपण दोनदा खोटं बोललो. एकदा रंगाचं, एकदा दिसण्याचं. पण हे खोटं चालतं. रेघ काढली नाही तर प्रकाश कुठून कुठे जातोय ते कळणारच नाही. नकाशात राष्ट्रीय महामार्ग लाल दाखवतात म्हणून कुणी लाल डांबर शोधायला जात नाही, तसंच हे. फक्त कोपऱ्यात एक ओळ हवी, "खरा लेझर डोळ्यांना दिसत नाही".

दुसरी अडचण : भुजा किती ताणायची?

इथे मात्र गणित डोकं फिरवणारं आहे.

२०१५ च्या त्या लहरीने ४ किलोमीटरच्या भुजेची लांबी जेवढी बदलली तो बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान होता. प्रोटॉन म्हणजे अणूच्या गाभ्यातला कण. त्याच्याहून शेकडो पटींनी लहान.

दुसऱ्या भाषेत सांगायचं तर सूर्यानंतर आपल्या सर्वात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तिथपर्यंतचं सगळं अंतर मोजायला घेतलं आणि त्यात केसाच्या जाडीहूनही कमी फरक पडला, तर तो ओळखायचा. एवढं बारीक काम आहे हे.

आता ॲनिमेशनमध्ये काय होतं? पडद्यावर भुजा ४ सेंटिमीटर लांब काढली आणि लहर आल्यावर ती ४ मिलिमीटरने ताणली, तर बघणाऱ्याला ताण नीट दिसतो. पण मग आपण खरा ताण किती पट वाढवला?

एकावर वीस शून्य इतक्या पटीने.

या खोट्याशिवाय फिल्म होणार नाही. पण हे न सांगता सोडलं तर नुकसान मोठं आहे. बघणाऱ्याला वाटतं की लहर आली की नळ्या रबरासारख्या हलतात आणि हे मोजणं म्हणजे काही विशेष नाही. लायगोची सगळी थोरवी त्या सूक्ष्मपणात आहे आणि आपण नेमकं तेच पुसून टाकलं.

म्हणून इथे कोपऱ्यातली ओळ पुरत नाही. इथे निवेदकाने थांबून बोलायला हवं. "आत्ता जे बघितलंत ते आम्ही प्रचंड वाढवून दाखवलंय. खरं किती होतं ते आता बघा." आणि मग केसाची आणि ताऱ्याची ती तुलना.

तिसरी अडचण : पाच फ्रेमचा सिनेमा

लायगोने पकडलेला पहिला संकेत साधारण ०.२ सेकंद टिकला.

आपल्याकडे व्हिडीओ सहसा सेकंदाला २५ फ्रेमचा करतात. ०.२ सेकंद म्हणजे किती फ्रेम? पाच. तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये ४५०० फ्रेम असतात आणि ज्या घटनेसाठी सगळा खटाटोप चाललाय तिच्या वाट्याला येतात पाच. तेवढ्यात दोन कृष्णविवरांच्या शेवटच्या घिरट्या, टक्कर आणि शांतता.

म्हणून वेग कमी करावा लागतो. २०१६ च्या घोषणेवेळी जगभर गाजलेली दोन कृष्णविवरांची चित्रफीतही खऱ्या घटनेपेक्षा सुमारे शंभर पटींनी संथ केलेली होती. आइन्स्टाइनची समीकरणं महासंगणकावर सोडवून ती बनवली होती, तरी वेग मात्र माणसाच्या डोळ्यासाठी बदलावा लागला.

यावर एक साधा उपाय आहे. आधी संथ दाखवायचं, समजावून सांगायचं आणि मग एकदा खऱ्या वेगात दाखवायचं. पोरं म्हणतील "अरे, झालं पण?" तो "झालं पण?" हीच फिल्मची कमाई.

चौथी अडचण : तो "टुप्" आवाज

अवकाशात हवा नाही, त्यामुळे आवाजही नाही, हे आपण शाळेत शिकलो. मग लायगोने कृष्णविवरांचा आवाज ऐकवला तो कसा?

झालं असं, की संकेताची वारंवारता साधारण ३५ हर्ट्झपासून चढत २५० हर्ट्झपर्यंत गेली. योगायोगाने माणसाचा कान याच पट्ट्यातलं ऐकू शकतो. म्हणून शास्त्रज्ञांनी यंत्राची नोंद स्पीकरला जोडली. पण इतका खालचा सूर मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर नीट येत नाही. म्हणून लायगोनेच एक मूळ सुरातली आणि एक मुद्दाम वरच्या सुरात नेलेली, अशा दोन्ही आवृत्त्या ऐकवल्या.

म्हणजे तो अवकाशात रेकॉर्ड केलेला आवाज नाही, आकड्यांचं आवाजात केलेलं भाषांतर आहे. ते वापरायला हरकत नाही. पण "कृष्णविवरांची किंकाळी ऐका" असा मथळा टाकला तर ते चुकीचं.

पाचवी अडचण : ती चादर

आता येऊ सगळ्यात लोकप्रिय चित्राकडे. ताणलेली रबराची चादर, मध्ये जड गोळा, त्याने पडलेला खड्डा आणि खड्ड्याभोवती फिरणारी गोटी. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता, हे सांगायला जवळपास प्रत्येक व्हिडीओ हेच चित्र वापरतो.

पण एखाद्या चौकस पोराने विचारलं, "गोळ्याने खड्डा का पाडला?" तर उत्तर काय? खाली पृथ्वी ओढतेय म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला आपण गुरुत्वाकर्षणच वापरलं.

लायगोसाठी तर हे चित्र आणखी फसवं आहे. त्यात लाट पाण्यासारखी वर-खाली होताना दिसते. गुरुत्वीय लहर तसं करत नाही. ती ज्या दिशेने चालली आहे त्याच्या आडव्या दिशांत ती एकीकडे ताणते, दुसरीकडे आखडते आणि पुढच्या क्षणी नेमकं उलटं करते.

हे दाखवायला चादरीपेक्षा साधं चित्र आहे. कागदावर ठिपक्यांचं एक वर्तुळ काढा. लहर आली की ते उभं लांबट होतं, मग आडवं लांबट, मग पुन्हा उभं. झालं. आता त्या वर्तुळाच्या मध्यापासून एक भुजा उभी आणि एक आडवी काढा. भुजा दोन का आणि काटकोनात का, हे एकही शब्द न बोलता समजतं.

चादरीचं चित्र जास्त देखणं आहे, ठिपक्यांचं जास्त खरं आहे. शिवाय ठिपक्यांचं करायला स्वस्त पडतं!

सहावी अडचण : कृष्णविवर रंगवायचं कसं?

१९७९ साली जाँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने संगणकावर गणित मांडून कृष्णविवर कसं दिसेल ते काढलं. पण त्या संगणकातून चित्र निघत नव्हतं, फक्त आकडे यायचे. म्हणून त्याने ते आकडे बघून शाईचे ठिपके हाताने मांडले. रोजच्या गप्पांत आपण ॲनिमेशन म्हणजे कल्पनेची भरारी समजतो. इथे प्रत्येक ठिपक्यामागे गणित होतं.

पुढे 'इंटरस्टेलर' सिनेमासाठी किप थॉर्न यांच्या मदतीने असंच गणित करून कृष्णविवर बनवलं गेलं. भोवतीच्या तबकडीची एक बाजू खरं तर दुसरीपेक्षा बरीच उजळ दिसायला हवी होती. पण प्रेक्षक गोंधळतील म्हणून पडद्यावर तो फरक वगळला.

आता याच नारिंगी तबकडीची नक्कल लायगोच्या व्हिडीओंत सर्रास दिसते. पण ती तबकडी तापलेल्या वायूची असते. २०१५ च्या टकरीचं जे चित्र शास्त्रज्ञांनी बनवलं त्यात अशी तबकडी नाही. त्यात नुसते दोन काळे गोल आहेत आणि त्यांच्यामागच्या ताऱ्यांचा वाकलेला प्रकाश. उगाच आग लावली की व्हिडीओ चालतो, पण बघणाऱ्याला वाटतं की लायगोने ती आग बघितली. लायगो काहीच बघत नाही, ते जाणवून घेतं. भिंतीला हात लावून शेजारी ट्रक गेला ते ओळखावं, तसं.

सगळ्यात मोठं खोटं दाखवल्याने होत नाही, वगळल्याने होतं

रंग, ताण, वेग, आवाज ही सगळी खोटी सांगून सुधारता येतात. पण एक खोटं असं आहे जे पडद्यावर दिसतच नाही. ते म्हणजे स्वच्छपणा.

ॲनिमेशनमध्ये सगळं शांत असतं. लहर येते, यंत्र हलतं, आलेख उमटतो, टाळ्या. प्रत्यक्षात यंत्र चोवीस तास थरथरत असतं. दूरचा समुद्र, वारा, ट्रक, आगगाडी, माणसांची वर्दळ, सगळं त्याला जाणवतं. हॅनफर्डला तर एकदा नोंदींमध्ये विचित्र टकटक सापडली. शोध घेतल्यावर कळलं की तहानलेले डोमकावळे बाहेरच्या थंड पाइपवर साचलेल्या बर्फावर चोची मारतायत!

आरसे ४० किलोचे, काचेच्या ०.४ मिलिमीटर जाडीच्या तंतूंवर लटकवलेले, आणि तेही एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत. हे सगळं कशासाठी? जमिनीची थरथर आरशापर्यंत पोहोचू नये म्हणून. नळी सरळ ठेवायची तर पृथ्वीच्या गोलाईचाही हिशेब करावा लागतो, कारण ४ किलोमीटरमध्ये जमीन मीटरभर खाली वाकते.

एवढं करूनही खोटा संकेत येऊ शकतो. म्हणून एकमेकांपासून लांब दोन यंत्रं. २०१५ चा संकेत लिव्हिंग्स्टनला आधी आला आणि साधारण ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. कावळा एकाच वेळी दोन्हीकडे चोच मारू शकत नाही.

औंढ्याला यंत्र का हवं, याचं उत्तरही इथेच आहे. दोनच यंत्रं असली तर लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली ते नीट सांगता येत नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला इटलीतलं व्हर्गो हे तिसरं यंत्रही जोडीला होतं, म्हणून न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा इतकी नेमकी कळली की जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि ती टक्कर प्रकाशातही दिसली. पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक यंत्र आलं की हा नेम आणखी पक्का होतो.

ज्या फिल्ममध्ये कावळा नाही ती फिल्म लायगोची नाही, असं म्हटलं तरी चालेल.

ही फिल्म कुणासाठी आहे?

आतापर्यंत आपण विज्ञान बघितलं. पण औंढ्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न विज्ञानाचा नसतो. तो विचारेल, "हा लेझर आकाशात सोडणार का? त्यातून किरणं बाहेर येतात का? आमच्या विहिरीवर, जनावरांवर काही होईल का?"

हे प्रश्न भाबडे नाहीत. २००८ साली सर्नचं महाकाय यंत्र सुरू होताना त्यातून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळेल या भीतीने अमेरिकेत खटला दाखल झाला होता. आपल्याकडे तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो प्रयोगशाळेला २०१५ साली केंद्राने मंजुरी दिली. पण पर्यावरण, पाणी, डोंगरातला बोगदा आणि किरणोत्सर्गाची भीती अशा मुद्द्यांवर स्थानिकांचा विरोध राहिला, प्रकरण कोर्टकचेरीत गेलं आणि प्रयोगशाळा उभी राहिली नाही. खरं तर न्यूट्रिनो ही प्रयोगशाळा तयार करणार नव्हती. सूर्याकडून येणारे अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या सगळ्यांच्या अंगातून आरपार जातातच. पण जंगल आणि पाण्याची काळजी मात्र गैरसमज म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती.

लायगोपुरतं उत्तर सोपं आहे. लेझर बंद नळीतून बाहेर जात नाही. यंत्र आकाशात काही सोडत नाही, ते फक्त ऐकतं. उलट आपल्या ट्रक-ट्रॅक्टरचा त्रास त्यालाच होतो, म्हणून तर शांत जमीन शोधली. पण हे फिल्ममध्ये सांगितलं नाही, तर दुसरं कुणीतरी व्हॉट्सॲपवर भलतंच सांगणार.

आणि एक गोष्ट फिल्म करणाऱ्याने लक्षात ठेवावी. जमीन, रस्ते, रोजगार यांची उत्तरं कार्टून देऊ शकत नाही. ती द्यायला माणसांनीच गावात जाऊन बसावं लागतं.

मग काम सुरू कुठून करायचं?

सॉफ्टवेअरपासून नाही, हे नक्की.

पहिली पायरी म्हणजे एक वाक्य. फिल्म बघून पोराने घरी जाऊन आजीला एकच गोष्ट सांगायची झाली तर कोणती? उदाहरणार्थ, "दोन नळ्यांमधला प्रकाश सांगतो की लांब कुठेतरी अवकाश हललं." बाकी सगळं या वाक्याच्या सेवेला.

मग संहिता. तीन मिनिटांत निवेदनाचे साधारण ३५० ते ४०० शब्द बसतात. तुम्ही आत्ता जो लेख वाचताय त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढे! त्यामुळे नोबेल, तारखा, संस्थांची यादी यातलं बरंचसं गळून पडतं.

संहिता झाली की ती शास्त्रज्ञाला दाखवायची. लायगो-इंडियात पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभाग आहेत. अशा ठिकाणच्या जाणकाराची नजर इथेच हवी. कारण या टप्प्यावर चूक सापडली तर एक ओळ खोडावी लागते. ॲनिमेशन झाल्यावर सापडली तर शेकडो फ्रेम.

त्यानंतर स्टोरीबोर्ड म्हणजे कॉमिकसारखी चौकटींची चित्रं. मग त्याच कच्च्या चित्रांना तात्पुरता आवाज लावून केलेली कच्ची फिल्म, जिला या धंद्यात ॲनिमॅटिक म्हणतात. ही कच्ची फिल्म शास्त्रज्ञांना तर दाखवायचीच, पण ज्यांच्यासाठी केली त्या पोरांनाही दाखवायची. आणि "कळलं का?" असं विचारायचं नाही. त्याला सगळे "हो" म्हणतात. "काय कळलं ते सांग" असं विचारायचं. पोराने "लेझरने कृष्णविवर फोडतात" असं सांगितलं तर चूक पोराची नाही.

भाषेचंही तेच. व्यतिकरण हा शब्द बरोबर आहे, पण पहिल्याच मिनिटाला आला तर अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघतो. आधी लाटा एकमेकींना संपवतात ते दाखवा, नाव नंतर सांगा. कृष्णविवर हा शब्द मात्र आपल्याला परका नाही. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाचीच कथा पाठवली होती. तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! अवघड विज्ञान मराठीत गोष्टीसारखं सांगता येतं, हे आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय.

माणसंही आपलीच दाखवता येतात. टकरीनंतर कृष्णविवर घंटेसारखं कसं थरथरत शांत होतं याचं गणित १९७० साली सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी मांडलं. गोंगाटातून लहरीचा संकेत कसा वेगळा काढायचा, यावर आयुकाचे संजीव धुरंधर यांनी कित्येक वर्षं काम केलं. २०१५ च्या त्या ०.२ सेकंदांत या माणसांचा वाटा आहे.

पुढच्या वेळी असा व्हिडीओ आला तर

आता असले व्हिडीओ बनवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. दोन ओळी टाइप केल्या की फिरती कृष्णविवरं तयार. त्यामुळे देखणेपणावरून खरेपणा ओळखण्याचे दिवस गेले.

मग शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. वाढवून दाखवलंय ते कुठे सांगितलंय का? वेग, रंग, आवाज बदललाय ते कबूल केलंय का? आणि यंत्राची अडचण दाखवली आहे, की फक्त टाळ्या?

लायगो-इंडिया २०३० पर्यंत उभं करायचं ठरलंय. औंढ्यात आज जी पोरं पाचवी-सहावीत आहेत ती तेव्हा बरीच मोठी झालेली असतील. यंत्र बघायला मिळण्याआधी त्यांना बघायला मिळणार आहे ते त्याचं ॲनिमेशन. त्यातल्या एखादीने नळीजवळ उभं राहून विचारलं, "लेझर कुठे दिसतोय?" आणि तिची शेजारीण म्हणाली, "अगं, तो दिसत नसतो, फिल्ममध्ये सांगितलं होतं की", तर समजायचं की फिल्म जमली.